सव्वा मिलिग्रॅम

निवास कुराडेनं सिगरेट सोडली, या बातमीवर गडहिंग्लजच्या बसडेपोत सुरुवातीला कुणी विश्वास ठेवला नाही, आणि त्यात डेपोवाल्यांची काही चूक नव्हती. माणूस चौतीस वर्षं ओढत होता. वर्षातून दोनदा सोडायचा, एकदा संक्रांतीला आणि एकदा स्वतःच्या वाढदिवसाला, आणि दोन्ही वेळा चार वाजताच्या चहाला परत पेटवायचा. त्याच्या बायकोनं, सारिकानं, शपथा घालून पाहिल्या, अबोला धरून पाहिला, आणि शेवटी नाद सोडला.

साल होतं दोन हजार त्रेचाळीस. डेपोतल्या झाडून सगळ्या गाड्या विजेवर चालायच्या आणि निवास बॅटरी-शेडचा हेड मेकॅनिक होता. त्या शेडमध्ये काडी ओढली की नोकरी गेलीच समजायची. म्हणून हा गडी दिवसातून अठरा वेळा शेडपासून फाटकाबाहेरच्या पिंपळापर्यंत चालत जायचा. त्या उन्हाळ्यात एवढ्याशा वाटेत त्याला दोनदा थांबून दम खावा लागायला लागला. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, आकडा बघितला आणि विचारलं, "कुराडे, नातवंडं बघायचीत का?"

नातवंडं लांबच राहिली, अजून लेकीचं लग्न व्हायचं होतं. शर्वरी, एकुलती एक, सत्तावीस वर्षांची. पुण्यात औषधांचं रसायनशास्त्र शिकली आणि 'निर्धूम' बनवणाऱ्या कंपनीत लागली. डॉक्टर काय म्हणाले ते आईकडून कळल्यावर ती पुढच्याच शनिवारी घरी आली आणि तिनं बापापुढे एक पांढरी डबी ठेवली. साबणाच्या वडीपेक्षा जरा लहान, वर आकडा दाखवणारी काच.

"अण्णा, हीच ती 'निर्धूम'. ह्यात धूर नाही, राख नाही. चघळायचं नाही, थुंकायचं नाही. डबी एक इवलीशी पुडी भरून देते. ती वरच्या ओठाखाली ठेवायची, अर्ध्या तासानं टाकून द्यायची."

"म्हणजे तंबाखूच की."

"तंबाखूचा अर्क. पण तुमची फुप्फुसं धुरानं चाललीयत, अण्णा. धूर थांबला की निम्मी लढाई जिंकली."

उरलेल्या निम्म्या लढाईसाठी डबीच्या पोटात सगळी हुशारी भरलेली होती. सिगरेट माणसाला मारते ती मुख्यतः धुरानं, पण बांधून ठेवते ती निकोटीननं. निकोटीन शरीरात गेलं की त्याचं कोटिनीन बनतं आणि ते थुंकीत उतरतं. रोज सकाळी कागदाची एक पट्टी जिभेला लावून डबीत घालायची. डबी कोटिनीन मोजायची, या माणसाच्या शरीराला किती सवय आहे ते ओळखायची आणि त्या दिवसाच्या पुड्या त्या हिशेबानं भरायची. सुरुवात बारा मिलिग्रॅमनं. मग दर आठवड्याला थोडं थोडं कमी, शरीराला कळणार नाही इतकं. चाळिसाव्या आठवड्याला आकडा दीडच्या खाली यायचा, आणि दीडच्या खालच्या मालाला नव्या कायद्यानं तंबाखूच म्हणत नसत.

"आणि मग?" निवासनं विचारलं.

"मग सुटलात तुम्ही," शर्वरी म्हणाली. "फक्त एक करायचं. आपली पुडी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. ती तुमच्या मापाची असते."

डबीतून निघालेली पहिली पुडी सारिकानं त्याला वापरूच दिली नाही. चांगल्या कामाची सुरुवात म्हणून तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली आणि हात जोडले. दुसऱ्या पुडीपासून निवासचा कार्यक्रम सुरू झाला.

पहिले तीन महिने बरे गेले. चौदावा आठवडा मात्र वैऱ्यावर येऊ नये असा आला. आकडा आठावर उतरला आणि निवासच्या अंगाची लाहीलाही व्हायला लागली. हात थरथरायचे. एकदा भाजीत मीठ कमी म्हणून त्यानं ताट भिरकावलं, आणि मग न्हाणीघराचं दार लावून हा चोपन्न वर्षांचा बाप्या पाणी सोडून रडला. सारिका दाराबाहेर उभी होती. तिला पाण्याच्या आवाजातही ते ऐकू आलं.

आणि मग, काय झालं कोण जाणे, चार दिवसांत सगळं निवळलं. आकडा उतरतच होता, साडेसात, सात, साडेसहा, पण जीव शांत. निवासला वाटलं, आपण जिंकलो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचा अभिमान वाटला. दहावीत तो गटांगळी खाल्लेला, भावकीत कुणी त्याला विचारत नसे, प्रमोशनसुद्धा पुढचा माणूस मेला म्हणून मिळालेलं. पण ही गोष्ट त्यानं स्वतःच्या मनगटाच्या जोरावर करून दाखवली होती. एका रविवारी सकाळी तो सारिकाला म्हणाला, "तीस वर्षं तुला धूर खायला लावला. चुकलं माझं." सारिकानं पदरानं डोळे पुसले आणि त्याला शिरा करून घातला.

पुढं पुढं तर तो डेपोत कीर्तनच करायला लागला. चहाच्या बाकावर बसायचा, डबी काढून आकडा दाखवायचा. "बघा, पाच! बघा, साडेतीन!" ज्यांनी आधी टिंगल केली तेच विचारायला लागले. फाटकाबाहेरचा पिंपळ ओस पडला. कंपनीच्या कानावर ही गोष्ट गेली आणि ठरलं की चाळीस आठवडे पुरे करणारा जिल्ह्यातला पहिला माणूस म्हणून निवासचा सत्कार डेपोतच करायचा. आसपासच्या पाच डेपोंतल्या दोनशे तेरा जणांनी नावं दिली होती. निवास बोलणार, आणि त्याच्या शब्दावर ती दोनशे तेरा माणसं त्याच दिवशी डबी घेणार. रविवार, सकाळी अकरा.

त्याच्या आधीच्या सोमवारी डबीवर आकडा आला, सव्वा.

निवासनं तो सगळ्यात आधी दाखवला बाळकू नाईकवाडीला. बाळकू डेपोचा वायरमन, निवासचा शाळेपासूनचा दोस्त. एके काळी त्याच्याइतकी तंबाखू अख्ख्या तालुक्यात कुणी खात नसेल. डाव्या तळव्यावर पान चुरायचं, नखावर चुना घ्यायचा, अंगठ्यानं मळायचं, टाळी देऊन भुकटी उडवायची. डोळे मिटून करायचा सगळं. सहा वर्षांपूर्वी गालातला पांढरा चट्टा डॉक्टरांनी कापून काढला तेव्हा बाळकूनं चंची नदीत फेकली, आणि त्यानंतर चिमूटसुद्धा तोंडात घातली नव्हती.

"सव्वा?" बाळकू म्हणाला. "मग आता हाय काय त्यात? शेंगदाण्याचं टरफल दाढंत धरल्यावानी."

"तेच म्हणतोय की गा."

"बघू दे की एक."

आता ही गोष्ट त्या भागातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. कुणी तंबाखू मागितली तर नाही म्हणायचं नसतं. भांडण असलेला माणूससुद्धा बांधावर हात पुढं करतो आणि दुसरा मुकाट्यानं चंची सोडतो. शर्वरीनं सांगितलेला नियम निवासला आठवला, नाही असं नाही. पण सव्वा म्हणजे काय, काहीच नाही, आणि दोस्तापुढं हात आखडता घ्यायचा, तोही आनंदाच्या दिवशी? त्यानं डबी दाबली, पुडी बाळकूच्या हातावर ठेवली.

पाच मिनिटांत बाळकूला उचकी लागली. मग कपाळावर घाम. त्यानं बाकाची कड धरली.

"आयला निवास, लागली की मला!"

"चल, नाटकं नको करू. सव्वा हाय ती."

"सव्वा न्हाई आन् पाऊण न्हाई!" बाळकूनं पुडी काढून हातात धरली, जीभ ओठाच्या आतून फिरवली. तीस वर्षं मळून शिकलेला माणूस तो, त्या बाबतीत. "मर्दा, ह्यात चुना हाय. म्हंजे चुना नसंल, पण चुन्याच्या जातीचं कायतरी. आन् लई हाय. हिरडी बघ कशी पोळली."

निवास हसला. सहा वर्षांचं रिकामं तोंड, दुसरं काय! पण घरी जाऊन त्यानं आरशासमोर वरचा ओठ उचलला. पुडी बसायची त्या जागी हिरडी पांढरी पडली होती, सुरकुतली होती. हे त्यानं आधी कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाळकू परत आला. "एक दे की. कालची चव जाईना." निवासनं नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच नाही म्हटलं, आणि ते त्याला इतकं अवघड गेलं की तो तिथं थांबलाच नाही. बुधवारी गाड्या धुण्याच्या जागेमागं त्यानं बाळकूला बघितलं. डाव्या तळव्यावर पान, अंगठा फिरतोय, डोळे मिटलेले. निवास पुढं झाला.

"बाळकू, अरे काय करतोयस हे?"

बाळकूनं डोळे उघडले. चेहरा ओशाळलेला, पण अंगठा थांबेना. "तुझ्या त्या सव्वानं जागं केलं रं मला. जा आता. आन् हळद घालून बघ त्यात, माझं खोटं वाटत असंल तर."

हळदीची गोष्ट घरोघरी ठाऊक असते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच करतात. हळदीच्या डागावर साबण घासला की डाग तांबडा होतो, ते सुद्धा त्यामुळंच. निवासनं घरी येऊन सारिकाला दोन वाट्या मागितल्या. एकीत आजची पुडी फोडली. दुसरीत देव्हाऱ्यातली, नऊ महिन्यांपूर्वीची, बारा मिलिग्रॅमची. सारिकानं दोन्हींत चमचाभर पाणी आणि चिमूट चिमूट हळद टाकली.

जुन्या पुडीचं पाणी पिवळंच राहिलं. नव्या पुडीचं पाणी बघता बघता तांबडंलाल झालं.

"अगं बाई!" सारिका म्हणाली. "म्हणजे हो काय?"

निवासला नीट कळत नव्हतं. पण कमी कमी होत चाललेल्या गोष्टीत दुसरं काहीतरी वाढत चाललं होतं एवढं दिसत होतं, आणि लेकीला माहीत नसेल असं त्यात काही असणं शक्य नव्हतं. तो म्हणाला, "शनिवारी येतीय ना ती. विचारू." त्या वाट्या त्यानं धुऊ दिल्या नाहीत.

शनिवारी शर्वरी आली ती नवी साडी घेऊन, उद्याच्या कार्यक्रमासाठी आईला. कार्यक्रम झाला की तिला अख्ख्या गटाची प्रमुख करणार होते. बापासाठीही शर्टपीस होतं. जेवणं झाली. निवासनं काही न बोलता दोन वाट्या तिच्या पुढ्यात ठेवल्या. पाणी आटून तळाला एकीत पिवळा आणि एकीत लाल थर राहिला होता. शर्वरीनं त्या बघितल्या, आणि तिच्या तोंडावरचं हसू गेलं. रसायनशास्त्राची मुलगी, तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

निवास म्हणाला, "बाळकूनं. तू सांगायला पाहिजे होतंस."

मग तिनं सांगितलं. खाली बघून, पण सगळं सांगितलं, त्यात तिनं लपवाछपवी केली नाही.

निकोटीन दोन रूपांत असतं. एक बांधलेलं, एक मोकळं. बांधलेलं निकोटीन गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून आत शिरू शकत नाही, ते तोंडातच राहतं, थुंकीबरोबर पोटात जाऊन बहुतेक वाया जातं. मोकळं निकोटीन मात्र सरळ रक्तात उतरतं आणि तिथून मेंदूत. बांधलेलं किती आणि मोकळं किती, हे ठरतं सामूवर, म्हणजे आम्ल की अल्कली ते सांगणाऱ्या, शाळेत शिकवतात त्या आकड्यावर. सात सामूला शंभरातलं नऊ भाग मोकळं असतं. नऊ सामूला नव्वद. चुन्यानं सामू चढतो, तंबाखूत तो मळतात ते काही उगीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसांना जे अंगठ्याला ठाऊक होतं तेच हे.

"म्हणजे बारा मिलिग्रॅम सात सामूला घेतलं, तर मोकळं एकच मिलिग्रॅम," शर्वरी म्हणाली. "आणि सव्वा मिलिग्रॅम नऊ सामूला घेतलं..."

"तरी एकच," निवास म्हणाला. हिशेब त्याला जमला. "म्हणजे मी होतो तिथंच आहे."

"हो."

"एवढे चाळीस आठवडे."

"चौदापासून. त्याच्या आधीचं खरं होतं."

"आणि ती रोजची पट्टी? थुंकीची? ती तर सांगत असेल किती अंगात आहे ते."

शर्वरी वाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. सारिकाच म्हणाली, "बोल की ग."

"सांगायची. काचेवर दाखवत नाही ती. माझ्याकडं दिसायची."

"कधी कधी?"

"रोज, अण्णा."

निवासला त्या सगळ्या सकाळी आठवल्या. रोज सकाळी तो जिभेला पट्टी लावत होता, आकडा बघून खूश होत होता, तिला फोन करून सांगत होता, "संपत आली बघ गुलामी!" आणि तिकडं पुण्यात ती रोज बघत होती की यातलं काही खरं नाही. आणि म्हणत होती, "वा अण्णा!"

"का केलंस?" त्यानं विचारलं. आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं, असं सारिकाला वाटलं.

"आईचा फोन आला होता. चौदाव्या आठवड्यात. तुम्ही न्हाणीघरात... ती रडत होती. म्हणाली, काहीतरी कर, नाहीतर हे परत सिगरेट आणतील. मी पुण्यातून, दुरूनच तुमच्या डबीतला एक आकडा बदलला. फक्त सामूचा. डबी पुडीत क्षार जास्त घालायला लागली. म्हटलं आठवडाभर, जरा सावरतील, मग परत खाली आणू. तुम्ही सावरलात. इतके खूश झालात, की मग मला..." तिनं लाल थराची वाटी बाजूला सारली. "शंभरातली ऐंशी माणसं त्या टप्प्यावर परत धूर ओढतात. तुम्ही नाही ओढलात. तुमची फुप्फुसं बघा! पिंपळापर्यंत पळत जाल आता. धुरापासून वाचलात ना तुम्ही? ते तरी खोटं नाही ना?"

"ते खोटं नाही," निवास म्हणाला. "पण तू मला विचारायचं होतंस. मी म्हणालो असतो, राहू दे बाई, बांधलेला तर बांधलेला, धुराविना राहीन. कळून राहिलो असतो. तू मला जिंकलो म्हणून नाचवलंस."

सारिका म्हणाली, "मी काहीतरी कर म्हटलं होतं, फसव म्हटलं नव्हतं." आणि उठून आत गेली.

पण खरी गोष्ट अजून पुढंच होती. निवासनं विचारलं, "माझ्या एकट्याच्याच डबीत केलंस ना?"

शर्वरीनं मान हलवली. नाही. निवासचा आलेख कंपनीतल्या वरच्या लोकांनी बघितला होता. आकडा खाली जातोय आणि माणूस एकदाही चुकत नाही, हे कसं? तिला सांगावं लागलं. त्यांना ते फार आवडलं. दीडच्या खाली गेलेला माल कायद्यानं तंबाखू नाही, त्यावर धोक्याचं चित्र नको, तो किराणा दुकानात बिस्किटांशेजारी ठेवता येतो. आणि चाळीस आठवड्यांनी सुटलो म्हणणारा माणूस तो जन्मभर घेत राहतो. आता सगळ्या डब्यांत चौदाव्या आठवड्यापासून तेच. उद्या ज्या वाटायच्या होत्या त्या दोनशे तेराही डब्यांत.

"त्या पद्धतीला ऑफिसात एक नाव आहे," ती म्हणाली. हे सांगायला नको होतं असं तिला नंतर वाटलं असेल. "अण्णा म्हणतात. 'याच्यावर अण्णा चालू करा,' असं."

निवासनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

शर्वरी त्याच्या शेजारी येऊन बसली. "अण्णा, मी ते बंद करून घेईन. प्रमुख झाले की माझ्या हातात येईल. मला थोडा वेळ द्या. उद्या फक्त एवढंच म्हणा, की सिगरेट सोडली. सुटलो म्हणू नका. बाकी काहीच म्हणू नका. हे कळलं तर माझ्यावर केस होईल. माझी पदवी जाईल."

"आणि ती दोनशे तेरा माणसं?"

"ते सगळे आज सिगरेटच ओढतायत ना? त्यांचंही भलंच होईल की यात."

निवासला क्षणभर ते पटल्यासारखं झालं. हीच तर अडचण होती. तिच्या बोलण्यात निम्मं खरं असायचं, आणि तेवढ्यावर तो नऊ महिने चालला होता. मग त्याला धुण्याच्या जागेमागं डोळे मिटून उभा असलेला बाळकू दिसला. त्याला कुणी डबी दिली नव्हती, त्याचा कुठं आकडा नव्हता, तो कुणाच्या आलेखात नव्हता. त्याला निवासनं स्वतःच्या हातानं दिलं होतं, ह्यात काही नाही म्हणून. तसंच लेकीनं निवासला दिलं होतं. आणि उद्या तसंच तो दोनशे तेरा जणांना देणार होता.

"बघतो," एवढंच तो म्हणाला.

रविवारी डेपोत मांडव घातला होता. निवासनं सकाळपासून पुडी लावली नव्हती, त्यामुळं अकरा वाजेपर्यंत त्याच्या बोटांना कापरं भरलं होतं. पुढच्या रांगेत कंपनीची माणसं, त्यांच्यात शर्वरी. सारिका तिच्या शेजारी बसली नाही, ती मागं बायकांत बसली, आणि तिनं जुनीच साडी नेसली होती. बाळकू मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, गाल फुगलेला. नारळ झाला, शाल झाली. निवेदकानं सांगितलं, आता निवासराव आपला अनुभव सांगतील.

निवास माईकपुढं आला. शाल त्यानं काढून खुर्चीवर ठेवली.

"सिगरेट सुटली," तो म्हणाला, "हे खरं हाय."

टाळ्या. त्यानं त्या संपू दिल्या.

"बाकी सगळं खोटं हाय. मी सुटलो नाही. मी बाराला होतो तिथंच आज हाय. डबीवर सव्वा दिसतंय ते खरं, पण त्यात चुन्यासारखं घालून घालून सव्वाचं बारा केलंय. मला सांगितलं नाही. तुमच्या डबीत पण तेच हाय. घ्यायची तर कळून घ्या. सिगरेटीपेक्षा बरी म्हणून घ्या, मी अडवत नाही. पण सुटायला म्हणून घेऊ नका. मी तुम्हाला नऊ महिने सांगत होतो ते चुकीचं सांगत होतो. मला माहीत नव्हतं, तरी सांगत होतो. माफ करा."

मांडवात एकच कालवा झाला. कंपनीचा एक माणूस माईककडं धावला, त्याला दोन कंडक्टरांनी धरून खाली बसवलं. युनियनच्या सेक्रेटरी शबाना मुजावर स्टेजवर चढल्या. डेपोतली सगळी भांडणं त्या बाईंनी निस्तरलेली, आवाज कधी चढत नसे. हातात तक्रार लिहायची पाटी.

"कुराडे, हे असं हवेत बोलून चालत नाही. तक्रार आत्ता इथंच घ्यायची. डबीतला आकडा बदलला म्हणता. कुणी बदलला? कंपनी म्हणून कुणी कोर्टात उभं राहत नाही, माणूस लागतो."

"नाव सांग, निवास!" मागून कुणीतरी ओरडलं. मग चारपाच जण ओरडले. "नाव! नाव!"

निवासनं पुढच्या रांगेकडं बघितलं. त्याला नाव सांगायचं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की तिनं उठावं. उठून म्हणावं, मी केलं. मग तो खाली उतरला असता, तिच्याबरोबर पोलिसांत गेला असता, कोर्टात गेला असता, वकिलाच्या दारात बसला असता. त्यानं वाट बघितली. सगळा मांडव शांत होईपर्यंत बघितली.

शर्वरीनं त्याच्याकडं बघितलं. मग तिनं अगदी हळू, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही अशी, नकारार्थी मान हलवली आणि नजर मोबाईलकडं वळवली.

"सांगा, कुराडे," शबाना म्हणाल्या. "पूर्ण नाव सांगा."

निवासनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"शर्वरी," तो म्हणाला. "शर्वरी निवास कुराडे."

शबानांनी पहिलं नाव लिहिलं. निवासपाशी येऊन त्यांचं पेन थांबलं, त्यांनी एकदा त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि मग खाली मान घालून उरलेलं नाव पुरं केलं.